ओसरीवरचा देव : मारिया ग्रॅहमच्या हिंदुस्थानातील रोजनिशीविषयी

१८१२ साली एडिंबरो येथून ‘जर्नल ऑफ अ रेसिडेन्स इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लंडनच्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ ह्या वजनदार नियतकालिकाने त्याची दखल घेतली. पण दखल घेताना परीक्षणकाराला एक चिमटा काढल्यावाचून राहवले नाही. हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुण मुली बहुधा नवरा मिळवायला जातात, माहिती मिळवायला जात नाहीत. तेव्हा त्यांच्यापैकी एकीने लिहिलेली रोजनिशी हे वाङ्मयीन नवलच म्हटले पाहिजे, असा त्याचा एकंदर सूर. लेखिकेचे नाव मारिया ग्रॅहम. तिचे लग्न खरोखरच हिंदुस्थानात झाले, १८०९ च्या डिसेंबरात. परंतु त्याच महिन्यात ती घाट चढून कार्ल्याची लेणी पाहायला आणि पुण्याला गेली, आणि त्या प्रवासात चिंचवडच्या एका ओसरीवर जे दिसले ते तिने टिपून ठेवले. स्वतःच्या लग्नाबद्दल ह्या पुस्तकात शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. ओसरीबद्दल मात्र लागते, आणि प्रस्तुत लेखात मी मुख्यतः त्या ओसरीपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करणार आहे.

मारिया डंडस १७८५ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडील कंबरलंडमध्ये जन्मली. वडील आरमारात अधिकारी. मुंबईच्या गोदीच्या कारभारावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा तीही त्यांच्याबरोबर निघाली, आणि १८०९ च्या मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळ्याच्या तोंडावर, मुंबईत उतरली. तेव्हा तिचे वय तेवीस. जहाजावर तिची टॉमस ग्रॅहम ह्या आरमारातील तरुण अधिकाऱ्याशी ओळख झाली होती. लग्न त्याच्याशीच झाले. तत्पूर्वी काही काळ ती एडिंबरोला काकांच्या आश्रयाने राहिली होती. तेथील विद्वानांच्या बैठकीत वावरणाऱ्या ह्या मुलीला ‘मलमलीतले तत्त्वज्ञान’ असे थट्टेचे नाव पडले होते. थट्टेचा भाग सोडला तरी नाव महत्त्वाचे आहे. अ‍ॅडम स्मिथ आणि त्याच्या अनुयायांच्या शहरातून ती येत होती, आणि समाजाच्या प्रगतीच्या पायऱ्या कशा मोजायच्या ह्याची एक पट्टी तिच्या सामानात होती.

वसाहतकालीन प्रवासवर्णने वाचण्याच्या आपल्याकडे दोन सवयी दिसतात. पहिली इतिहासकाराची. अमुक साली अमुक रस्ता कसा होता, बाजारात काय विकले जात होते, राजवाड्याची स्थिती कशी होती, एवढे पुस्तकातून उचलावे आणि लेखकाला टाकून द्यावे. आपली गॅझेटिअरे अशा उचललेल्या तुकड्यांनी भरलेली आहेत आणि त्यांचे ऋण आपल्यावर आहेच. दुसरी सवय अलीकडची. एडवर्ड सैद यांचे ‘ओरिएंटॅलिझम’ १९७८ मध्ये आले आणि मेरी लुइस प्रॅट यांचे ‘इम्पीरियल आईज’ १९९२ मध्ये. त्यानंतर प्रत्येक युरोपीय प्रवाशाच्या नजरेत साम्राज्य शोधणे ही विद्यापीठांतील रुळलेली रीत झाली. साम्राज्य तेथे असतेच, त्यामुळे ते सापडतेही. ह्या दोन्ही वाचनांचा मी उपयोग करतो, परंतु दोन्हींमध्ये एक उणीव मला जाणवते. पुस्तकाच्या एकाच पानावर लेखिकेने स्वतः पाहिलेली गोष्ट, कोणी सांगितली म्हणून लिहिलेली गोष्ट आणि घरून निघतानाच मनात बांधून आणलेली गोष्ट अशा तिन्ही एकमेकींना लागून उभ्या असतात. त्यांची कसोटीही वेगवेगळी असायला हवी. इतिहासकार तिन्हींना माहिती समजतो आणि सिद्धान्तवादी तिन्हींना पूर्वग्रह समजतो. मारिया ग्रॅहमच्या रोजनिशीत ह्या तिन्ही गोष्टींचे सांधे उघडे राहिलेले आहेत. अनुभवी लेखकाने ते लिंपून टाकले असते. तिने लिंपले नाहीत, म्हणून हे पुस्तक मला मोलाचे वाटते.

प्रथम मुंबई. वडिलांच्या पदामुळे गोदीचे जग तिला अगदी जवळून पाहता आले. हे जग नावाने इंग्रजांचे असले तरी हाताने पारशांचे होते. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानी जहाजे बांधली जात होती. इंग्लंडच्या आरमारासाठी बांधलेले चौऱ्याहत्तर तोफांचे ‘मिंडेन’ हे जहाज तेथून १८१० च्या जूनमध्ये पाण्यात उतरले. मुंबईचा दुसरा आधार म्हणजे तेथील मुख्य न्यायाधीश, ‘रेकॉर्डर’ सर जेम्स मॅकिंटॉश. तरुणपणी फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेऊन लिहिणाऱ्या ह्या गृहस्थाने १८०४ मध्ये मुंबईत लिटररी सोसायटी स्थापन केली. आजच्या एशियाटिक सोसायटीचे मूळ ते. त्यांची पुस्तके आणि त्यांच्या घरची संभाषणे मारियाला लाभली. ग्रंथालयात बसून हे पुस्तक चाळणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे की लेखिकेला पुस्तकांचा शेजार होता. तिच्या पानांवर जे कोरे डोळे दिसतात ते अडाण्याचे डोळे नव्हेत.

मुंबईच्या इंग्रज समाजाबद्दल ती जे लिहिते ते वाचून आजही हसू येते. मेजवान्यांना जमणाऱ्या स्त्रिया तिला संस्काराने उण्या आणि पोशाखाने अधिक वाटल्या. पुरुषांपैकी बऱ्याच जणांना व्यापाराखेरीज बोलायला विषय नव्हता. देशबांधवांविषयी एवढे स्पष्ट बोलणारी स्त्री परीक्षणकारांना रुचली नाही तर नवल नाही. पुढे कलकत्त्याला गेल्यावर तिने नोंदवले आहे की तेथील प्रत्येक इंग्रज आपले इंग्रजपण दुपटीने मिरवतो. ह्या टीकेचा रोख समजून घेतला पाहिजे. राज्य चुकीचे आहे असे ती कोठेही म्हणत नाही. राज्य करणारे कुतूहलशून्य आहेत, एवढेच तिचे गाऱ्हाणे. हिंदुस्थानात येणारा जो तो काही कामासाठी येतो, आणि स्वस्थपणे पाहणारा कोणी नसतो, अशा आशयाचे तिने प्रस्तावनेत लिहिले आहे. स्वतःकडे काम नसणे ही तिच्या दृष्टीने लेखनाची पात्रता झाली. कंपनीच्या चाकरीत स्त्रीला जागा नव्हती. ती नव्हती म्हणूनच तिच्याकडे पाहायला वेळ होता, हे मात्र ती उघडपणे म्हणत नाही.

स्त्री असल्याने तिला दुसरीही एक गोष्ट साधली. मुंबईतील एका काझींच्या घरी ती जनानखान्यात गेली. तिच्याबरोबरच्या एकाही पुरुषाला हा उंबरठा ओलांडता आला नसता. येथे वाचकाची अपेक्षा वाढते, आणि येथेच पुस्तक निराश करते. खोल्या, बैठक, दागिने हे सारे ती नेमके टिपते. पण ह्या स्त्रियांना शिक्षणाचा स्पर्शही झालेला नाही, त्यांच्याशी बोलण्यासारखे काही नाही, असा निकाल देऊन ती बाहेर पडते. निकाल इतका तयार आहे की तो खोलीत बसून सुचला असे वाटत नाही. तो एडिंबरोहून आला आहे. जॉन मिलर यांच्या १७७१ च्या ग्रंथापासून स्कॉटिश विचारवंतांमध्ये एक सिद्धान्त रूढ होता : समाज कोणत्या पायरीवर आहे हे त्यातील स्त्रियांच्या स्थितीवरून ओळखावे. सामानातली पट्टी ती हीच. ती लावली की मोजमाप लगेच हाती येते, मग बोलण्याची गरज उरत नाही. बोलायला तर भाषाही नव्हती. दुभाष्याच्या तोंडून झालेल्या दोन-चार प्रश्नोत्तरांवरून कोणाच्याही बुद्धीचा ठाव लागत नसतो. काझींच्या घरच्या स्त्रियांना ही पाहुणी कितपत शहाणी वाटली असेल, हा प्रश्नही विचारून पाहण्यासारखा आहे.

येथे एक विसंगती आहे. १७९२ मध्ये मेरी वुल्स्टनक्राफ्ट यांनी स्त्रियांच्या हक्कांविषयीच्या आपल्या ग्रंथात इंग्लंडमधल्या मुलींच्या शिक्षणावर कोरडे ओढताना वारंवार जनानखान्याचीच उपमा योजली होती. इंग्लंडमध्येही मुलींना पुरुषाच्या करमणुकीसाठी वाढवले जाते, असा त्यांचा आरोप. जनानखान्यात बसलेल्या मारियाला हा आरोप आठवला असता तर त्या दोन बाजूंच्या स्त्रियांमध्ये काहीतरी ओळखीचे निघाले असते. ‘मलमलीतले तत्त्वज्ञान’ हे नाव तिला कोणी दिले होते? तिच्याच लोकांनी. पण रोजनिशीत तो धागा जुळत नाही. तो आपण जुळवतो, दोनशे वर्षांनी.

आता घाट चढू. डिसेंबर १८०९ मध्ये मुंबईहून बोटीने पनवेल, तेथून खंडाळ्याचा घाट आणि कार्ले असा हा प्रवास झाला. देश अजून पेशव्यांचा होता, नावापुरता तरी. १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीचे सैन्य स्वतःच्या खर्चाने पोसण्याचे पत्करले होते आणि पुण्यात रेसिडेंट बसला होता. मराठी राज्य बुडायला अजून साडेआठ वर्षे होती. एक इंग्रज तरुणी कोकणातून देशावर येऊन फिरून जाऊ शकत होती, ह्यातच त्या तहाचा अर्थ आला. मारिया तो अर्थ लिहीत नाही. तिला वाट मोकळी मिळते आणि ती वाटेवरच्या गोष्टी पाहते.

कार्ल्याचे पान पुस्तकातील उत्तम पानांपैकी एक आहे. घारापुरीची लेणी ती आधीच पाहून आली होती. तेथे बंदराजवळचा दगडी हत्ती तेव्हा उभा होता (त्याची मान आणि डोके १८१४ मध्ये गळून पडले, आणि अवशेष पुढे भायखळ्याच्या बागेत आले). कार्ल्याच्या चैत्यात शिरताच तिला घारापुरीपासूनचे अंतर जाणवले. तेथले छत सपाट, येथले कमानदार. तेथे भिंतींवर देवदेवतांचे प्रचंड देखावे, येथे गाभ्यात तशी एकही मूर्ती नाही. ज्या धर्मकल्पनांतून ही दोन लेणी निघाली त्याही इतक्याच वेगळ्या असल्या पाहिजेत, असे ती अनुमान करते. आज शाळेतील मुलालाही हे ठाऊक असते, म्हणून ह्या अनुमानाचे महत्त्व सहज निसटते. १८०९ मध्ये ही लेणी कोणाची ह्याविषयी युरोपीय अभ्यासकांत एकमत नव्हते. खांबांवरचे ब्राह्मी लेख कोणालाही वाचता येत नव्हते. जेम्स प्रिन्सेप यांनी ती लिपी उलगडली १८३७ मध्ये. दुभाष्याला विचारून उपयोग नव्हता आणि पुस्तकात उत्तर नव्हते. उरले होते फक्त छत, खांब आणि त्यांमधली रिकामी जागा. तेवढ्यावर तिने जो निष्कर्ष काढला तो बरोबर निघाला. जनानखान्यात फसलेली बुद्धी येथे फसली नाही, कारण दगडाला लावायची पट्टी तिने घरून आणलेली नव्हती.

आणि मग चिंचवड. मोरया गोसावींचे हे स्थान मराठी वाचकाला परिचित आहे. इतरांसाठी थोडे सांगावे लागेल. मोरया गोसावी हे गणेशभक्त सत्पुरुष. पवनेच्या काठी त्यांची संजीवन समाधी आहे. त्यांच्या घराण्यात गणपतीचा अंश पिढ्यान्‌पिढ्या वास करतो अशी श्रद्धा होती, म्हणून त्या घराण्यातील गादीवरच्या पुरुषाला ‘देव’ म्हणत. चिंचवडच्या देवांना मराठी सत्तेकडून इनामे मिळाली होती आणि त्यांचा मान मोठा होता. १८०० साली एडवर्ड मूर हा कंपनीच्या लष्करातील अधिकारी त्यांच्या दर्शनाला गेला आणि ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात त्याने ह्या वंशपरंपरागत देवत्वाची हकिगत छापली. मूर पुढे हिंदू देवतांवरील आपल्या मोठ्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखात मूळ पुरुषाची कथा आहे, पिढ्या आहेत, चमत्कार आहेत. देवत्वाची सारी कागदपत्रे तेथे व्यवस्थित लावलेली आहेत.

नऊ-दहा वर्षांनी मारिया त्याच ठिकाणी गेली. तिच्या वर्णनाचा आशय असा. जागा तिला अस्वच्छ वाटली. खिडक्या-खिडक्यांतून धष्टपुष्ट ब्राह्मण डोकावत होते, आणि देवाच्या उत्पन्नाची हे लोक नीट काळजी घेत असणार, असा टोला तिने लगावला. मग एका साध्यासुध्या ओसरीवर, लाकडी बैठकीवर, तिला देव दिसला. तो लहान मुलगा होता. इतर मुलांपेक्षा त्याच्यात काही निराळे नव्हते; फक्त डोळ्यांत एक बावरलेला, सैरभैर भाव होता. रोज त्याला जी अफू घ्यायला लावतात तिचा हा परिणाम, असे म्हणतात, असे ती लिहिते. त्याला इतर मुलांबरोबर खेळू देत नाहीत. ब्राह्मणांखेरीज कोणाशी बोलणे होऊ नये म्हणून संस्कृतशिवाय कोणतीही भाषा बोलू देत नाहीत. त्याने पाहुण्यांचे सौजन्याने स्वागत केले, इंग्रज लोकांना भेटून आपल्याला नेहमी आनंद होतो असे एका ब्राह्मणाच्या मध्यस्थीने सांगितले. निघताना त्याने आपल्या हाताने बदाम आणि खडीसाखर दिली. त्या खडीसाखरेला हिंगाचा वास होता. पाहुण्यांनी मूठभर रुपये दिले.

हे पान अनेकांनी उद्धृत केले आहे. कोणी ब्राह्मणांच्या लबाडीचा पुरावा म्हणून, कोणी गोऱ्या मडमेच्या उद्धटपणाचा पुरावा म्हणून. दोन्ही पक्षांना सामग्री मिळते, कारण दोन्ही त्या पानात आहे. परंतु ते सावकाश, वाक्य-वाक्य सुटे करून वाचले तर काय दिसते?

धष्टपुष्ट ब्राह्मण हे घरून आणलेले वाक्य. रोममधील मठांविषयी कोणत्याही प्रॉटेस्टंट प्रवाशाने हेच लिहिले असते, फक्त ब्राह्मणांच्या जागी मठवासी आले असते. ते खोटे असेल असे नाही. इनामांच्या उत्पन्नावर पोसलेली माणसे चिंचवडला असणारच. पण ते पाहिल्याचे लक्षण त्या वाक्यात नाही. एका चेहऱ्याचेही वर्णन नाही.

संस्कृतचे वाक्य ऐकीव आहे आणि ते ऐकताना मराठी वाचकाला हसू आवरत नाही. आईजवळ, दाईजवळ, न्हाऊ घालणाऱ्या बाईजवळ हा मुलगा संस्कृतात हट्ट करीत होता काय? देव झाला तरी त्याला भूक मराठीतच लागत असणार. पाहुणीला हे कोणी तरी भारदस्तपणे सांगितले, बहुधा दुभाष्याने, आणि मराठीचा गंध नसल्यामुळे तिने ते तसेच उतरवून घेतले. मराठी शिकण्याची साधने इंग्रजांना तेव्हा अगदीच दुर्मिळ होती असेही म्हणता येत नाही. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्येच निघाले होते. ते काही महिन्यांसाठी आलेल्या तरुणीने वाचावे ही अपेक्षा करणे अवाजवी, एवढेच.

हिंगाचे काय? खडीसाखरेला हिंग लावून प्रसाद देण्याची चाल माझ्या तरी ऐकिवात नाही. माझा तर्क असा की तो वास कापराचा असावा. देवघरात, पूजेच्या ताटात, प्रसादाच्या डब्यात कापूर असतोच, आणि खाण्याचा कापूर गोड पदार्थांत घालण्याची जुनी रीतही आहे. इंग्रज नाकाला हिंदुस्थानातला कोणताही उग्र अनोळखी वास हिंगाचा वाटला असेल. तर्क चुकीचाही ठरेल. पण चूक असली तरी ती नाकाने केलेली चूक आहे, पोथीने केलेली नव्हे. वास तेथे होता. मूरच्या विद्वत्तापूर्ण लेखातून चिंचवडचा असा गंध येत नाही. बदाम-खडीसाखर आणि रुपये ह्यांची देवाणघेवाण तिने सौद्यासारखी मांडली आहे; प्रसाद आणि दक्षिणा ह्या शब्दांनी आपण तीच क्रिया सांगितली असती तर वाक्याचा रंग पालटला असता. वस्तू मात्र त्याच राहिल्या असत्या.

राहिले डोळे. अफूचे कारण ऐकीव आहे आणि ते ऐकीव असल्याचे तिने लिहिण्यातच मान्य केले आहे. ‘असे म्हणतात’ एवढ्यासाठी मी तिला गुण देईन, कारण पुढे तिचे वाक्य उचलणाऱ्या पुष्कळांनी तेवढेच शब्द गाळले आणि अफू ही सिद्ध गोष्ट होऊन बसली. पण कारण बाजूला ठेवले तरी बावरलेली नजर उरतेच, आणि ती कोणी सांगितलेली नाही. ती तिने पाहिली. पोटात अफू असो वा नसो, खिडक्या-खिडक्यांतून लोक पाहत असताना, साहेबांच्या मंडळींसमोर लाकडी बैठकीवर बसवलेल्या मुलाचे डोळे बावरलेले असणे मला तरी अगदी स्वाभाविक वाटते. पुढच्याच वर्षी, १८१० मध्ये, देवांचा थेट वंश खुंटल्याची आणि दूरच्या नात्यातील पुरुषाला गादीवर बसवल्याची नोंद मिळते. मारियाचे पुस्तक १८१२ चे. ही बातमी तिच्यापर्यंत पोहोचल्याची खूण त्यात नाही.

सिंहलद्वीप, मद्रास आणि कलकत्ता ह्यांविषयीचा उर्वरित भाग मी येथे वेगाने ओलांडतो. तो वाचनीय आहे. १८१० च्या आरंभी ती सिंहलद्वीपाला गेली. तेव्हा किनारा इंग्रजांकडे आणि कँडीचे राज्य अजून स्वतंत्र होते. मामल्लपुरमची शिल्पे तिने पाहिली, कलकत्त्याजवळच्या वनस्पती-उद्यानात रॉक्सबर्ग यांचे काम पाहिले. पण पानांचा पोत बदलतो, आणि त्याचे कारण तिनेच देऊन ठेवले आहे. मद्रासला आणि कलकत्त्याला युरोपीय आणि देशी लोकांत इतके अंतर राखले जाते की मुंबईप्रमाणे येथे एकाही देशी कुटुंबाशी ओळख करून घेता आली नाही, असे ती खेदाने नोंदवते. मुंबईच्या बाजूने हे प्रशस्तिपत्र आहे. गोदीत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून काम करावे लागते अशा शहरात अंतर राखणे तितके सोपे नसते. कलकत्त्याच्या वर्णनात घरे आहेत, रस्ते आहेत, उद्याने आहेत. ओसरी नाही.

१८१४ मध्ये तिचे दुसरे पुस्तक आले, ‘लेटर्स ऑन इंडिया’. परीक्षणकारांनी माहितीवरून टोमणा मारला होता. जणू त्याला उत्तर म्हणून ह्या पुस्तकात माहितीच माहिती आहे. जोन्स, कोलब्रुक, मूर ह्यांच्या ग्रंथांच्या आधारे तिने हिंदुस्थानची भाषा, धर्म, काव्य, शास्त्रे ह्यांचा परिचय करून दिला आहे. ते पहिल्या पुस्तकापेक्षा अधिक सहानुभूतीने लिहिलेले आहे, हे खरे. संस्कृत वाङ्मयाविषयीचा आदर त्यात ठायी ठायी आहे. तरीही मला ते पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटत नाही. ज्याचा आदर केला जातो तो हिंदुस्थान दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्यात कोणी मूल ओसरीवर बसलेले नाही. समजूतदारपणा वाढला आणि दिसणे कमी झाले. हा सौदा अनेक प्राच्यविद्यावंतांनी केला. तिच्या बाबतीत तो दोन वर्षांच्या अंतरात झाला, म्हणून स्पष्ट दिसतो.

मराठी वाचकाला येथे पंडिता रमाबाई आठवल्यावाचून राहत नाहीत. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८९ मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झाले. तेथेही एक तरुण स्त्री परक्या देशात पाहते आहे, आपल्या माणसांसाठी लिहिते आहे, आणि समाजाची परीक्षा स्त्रियांच्या स्थितीवरून करते आहे. पट्टी जवळजवळ तीच. पण रमाबाईंना त्या देशाची भाषा येत होती, त्या सभांतून बोलत होत्या, तेथील स्त्रियांशी वाद घालू शकत होत्या. आणि त्यांच्या पाठीशी कोणतेही आरमार नव्हते. त्यांची चूक झाली तर ती दाखवून द्यायला समोरचा माणूस समर्थ होता. मारियाला चिंचवडला कोणी दुरुस्त केले नाही. तिच्या पुस्तकातील दोषांचे मूळ मला तिच्या स्वभावापेक्षा ह्या स्थितीत अधिक दिसते, आणि म्हणून ते दोष मोजून दाखवणे पुरेसे वाटत नाही.

तिच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न पुढे एकदा फार मोठ्या सभेत विचारला गेला. १८२२ मध्ये टॉमस ग्रॅहम समुद्रप्रवासात वारला आणि ती चिलीत एकटी राहिली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तेथे मोठा भूकंप झाला. भूकंपानंतर समुद्रकिनारा उचलला गेल्याचे, खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांसह पाण्याबाहेर आल्याचे तिने पाहिले आणि लंडनच्या भूशास्त्र मंडळाला कळवले. १८३४ मध्ये मंडळाचे अध्यक्ष ग्रीनो यांनी ह्या साक्षीवर जाहीर अविश्वास दाखवला. तोवर चित्रकार ऑगस्टस कॅलकॉट यांच्याशी तिचा दुसरा विवाह झाला होता आणि ती आजारी असे. तरीही तिने मुद्द्याला मुद्दा देत छापील उत्तर दिले. १८३५ च्या फेब्रुवारीत चिलीत पुन्हा भूकंप झाला, आणि ह्या वेळी फिट्झरॉय आणि चार्ल्स डार्विन ह्यांनी किनारा उचलला गेल्याचे स्वतः पाहिले. १८४२ मध्ये ती वारली.

चिलीच्या किनाऱ्यासाठी दुसरा साक्षीदार मिळाला. चिंचवडच्या ओसरीसाठी मला तरी तसा माहीत नाही. इनामांचे कागद आहेत, घराण्याची वंशावळ आहे, मूरचा लेख आहे. मूल म्हणून त्या मुलाकडे पाहणारे पान मला भेटले ते हेच, रागीट, घाईचे, अर्धवट ऐकलेले. आणि त्या पानातली एक गोष्ट मला दर वाचनात थांबवते. त्याला इतर मुलांबरोबर खेळू देत नाहीत, हे वाक्य थोड्या वेळाच्या भेटीत पाहून लिहिता येण्यासारखे नाही. एडिंबरोच्या पट्टीतही ते बसत नाही. ते कोणी आपण होऊन सांगितले असेल असेही वाटत नाही. देवाच्या ऐश्वर्याच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला त्यात सांगण्यासारखे काय वाटणार? ते तिने विचारले असले पाहिजे.